सवलत : दया की न्याय?

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची मुले आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. तेथील नदीच्या किंवा सरोवराच्या काठी गळ टाकून बसायचे, तर आधी सरकारी परवाना विकत घ्यावा लागतो, हे ती सांगतात तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांना नवल वाटते. आपल्या खाडीकिनारी दगडावर बसून गळ टाकणाऱ्याला कोणी कागद विचारत नाही. रानातील हरणाची किंवा बदकाची पारध करायची तरी तेथे परवाना लागतो आणि त्यासाठी दरवर्षी शुल्क भरावे लागते. या नवलात आणखी एका नवलाची भर पडते. त्या देशातील बहुतेक राज्ये अंध, पंगू, मतिमंद आणि युद्धात जायबंदी झालेल्या नागरिकांना हा परवाना कमी दरात किंवा विनामूल्य देतात.

प्रथमदर्शनी ही बाब क्षुल्लक वाटते. अपंग माणसाला औषधात, प्रवासात, शिक्षणात सवलत दिली तर आपण मान डोलावतो. पण मासे पकडण्यात आणि शिकारीत सवलत? ही कसली गरज? आणि ज्या कृतीत एका जीवाचा प्राण जातो, तिला उत्तेजन देणारी सवलत ख्रिस्ती सद्सद्विवेकाला मानवेल काय? हे प्रश्न वरवरचे नाहीत. सवलत म्हणजे नेमके काय, ती कोणाला व कशासाठी द्यावी, आणि कोठे मुळीच देऊ नये, याचा विचार करण्यासाठी हे दूरदेशीचे उदाहरण फार उपयोगी आहे. ते आपल्या नित्याच्या व्यवहारातले नसल्यामुळे त्याकडे निर्लेप मनाने पाहता येते.

आधी त्या व्यवस्थेची घडण समजून घेऊ. अमेरिकेत रानातील पशुपक्षी आणि नद्यांतील मासे ही कोणा जमीनदाराची मालमत्ता नसून जनतेचा ठेवा मानला जातो, आणि प्रत्येक राज्य जनतेच्या वतीने त्याची राखण करते. ज्याला या ठेव्यातून काही घ्यायचे असेल त्याने परवाना घ्यावा आणि त्याच्या शुल्कातून त्या ठेव्याचे जतन व्हावे, असे हे तत्त्व आहे. या तत्त्वाला १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन कायद्याने आणि १९५० साली डिंगेल-जॉन्सन कायद्याने मोठे बळ दिले. पहिल्या कायद्याने बंदुका व काडतुसांवर, तर दुसऱ्याने मासेमारीच्या साहित्यावर बसवलेल्या कराचे उत्पन्न वन्य जीवांच्या व माशांच्या संवर्धनासाठी राज्यांना वाटून दिले जाते. राज्याचे क्षेत्रफळ किती आणि तेथे परवानाधारक किती, या दोन गोष्टींवर हा वाटा ठरतो. या गणनेत एक बारकावा आहे आणि पुढे आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे. ज्या परवान्यातून राज्याच्या हाती, खर्च वजा जाता, काहीतरी रक्कम उरते, त्याच परवान्याचा धारक मोजला जातो. पूर्णपणे फुकट मिळालेल्या परवान्याचा धारक नदीकाठी बसतो, मासेही पकडतो, परंतु या मोजणीत तो नसतो.

आता सवलतींकडे वळू. प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत. टेक्सासमध्ये २०२३-२४ च्या हंगामात सामान्य रहिवाशाला गोड्या पाण्यातील मासेमारीच्या परवान्यासाठी ३० डॉलर पडत. कायद्याच्या व्याख्येनुसार अंध असलेल्या रहिवाशाला मासेमारीचा खास परवाना ७ डॉलरला मिळे. त्याच राज्यात लष्करी सेवेमुळे ५० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाला शिकार आणि मासेमारी यांचा एकत्रित परवाना विनामूल्य मिळतो. कॅलिफोर्नियात अंधांना, ज्यांची हालचाल गंभीररीत्या खुंटली आहे त्यांना आणि ज्यांची बौद्धिक वाढ अपुरी राहिली आहे त्यांना मासेमारीचा परवाना विनामूल्य आहे. अपंग माजी सैनिकांना तो कमी दराने मिळतो. विस्कॉन्सिनमध्ये चालू न शकणाऱ्या शिकाऱ्याला थांबलेल्या वाहनातून नेम धरण्याची खास मुभा दिली जाते. इतरांना तसे करण्यास मनाई आहे. म्हणजे काही सवलती पैशाच्या आहेत, काही साधनांच्या. हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पहिला आक्षेप असा की, ही चैन आहे. अपंगाला भाकरी द्या, कुबड्या द्या, काम द्या, गळ कशाला? हा आक्षेप घेणारी माणसे निर्दय नसतात, उलट बहुधा कनवाळू असतात. परंतु त्यांच्या कनवाळूपणात एक गृहीत दडलेले असते. अपंग माणसाच्या केवळ गरजा असतात, आवडी नसतात, असे ते गृहीत. आपल्या घरातील धडधाकट मुलाला आपण क्रिकेटची बॅट घेऊन देतो तेव्हा ती त्याची गरज आहे काय, असे विचारीत नाही. तो मूल आहे एवढे पुरते. मग चाकाच्या खुर्चीतल्या मुलाच्या बाबतीतच प्रत्येक आनंदाचा हिशेब का मागावा?

आपल्या धर्मपरंपरेने विश्रांतीला आणि निर्हेतुक आनंदाला कधी चैन म्हटलेले नाही. परमेश्वराने शब्बाथ पाळण्याची आज्ञा दिली तेव्हा त्या विश्रांतीत मुलगे, मुली, दास, दासी, वेशीच्या आत राहणारा परका, इतकेच काय बैल आणि गाढव यांचाही समावेश केला. विश्रांती ही श्रीमंताची मिरास नव्हे, हे अनुवादाच्या पाचव्या अध्यायात मोशेने इस्राएलाला बजावले. जर्मन कॅथोलिक तत्त्वज्ञ योसेफ पीपर यांनी दुसऱ्या महायुद्धाची राख अजून गरम असताना, १९४८ साली, फुरसत हाच संस्कृतीचा पाया आहे असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. सारे युरोप पुन्हा उभारण्यासाठी काम हवे होते आणि हा मनुष्य फुरसतीविषयी लिहीत होता! पण त्यांचे म्हणणे असे की, जो समाज माणसाला त्याच्या उपयोगावरून मोजतो तो लवकरच निरुपयोगी ठरलेल्या माणसाला फेकून देतो. तो धडा युरोप नुकताच शिकला होता. नाझी राजवटीने अपंगांचे काय केले, हे आपण जाणतो.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर लिहिलेल्या विश्वपत्रात अपंगांसाठी एक स्वतंत्र भाग खर्ची घातला आहे. अपंग व्यक्ती ही संपूर्ण माणूस आहे आणि आपल्या शक्तीनुसार समाजाच्या सर्व अंगांत तिला सहभाग मिळाला पाहिजे. केवळ धडधाकटांनाच सामावून घेणारा समाज माणुसकीला शोभत नाही, असा त्या भागाचा आशय आहे. येथे ‘सर्व अंगांत’ हे महत्त्वाचे. या पोपमहोदयांना डोंगर आणि नद्या अतिशय प्रिय होत्या. १९५८ साली ते तरुणांसमवेत पोलंडमधील विना नदीत होड्या वल्हवत असताना, त्यांची बिशपपदी नेमणूक झाल्याचा निरोप त्यांना आला होता. आयुष्याच्या अखेरीस कंपवाताने त्यांचे पाय, हात आणि शेवटी वाणीही हिरावून घेतली. नदीची ओढ मात्र शरीराबरोबर पंगू होत नसते. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कराराचे तिसावे कलम सांस्कृतिक जीवन, करमणूक, फुरसत आणि खेळ यांतील सहभागाला वाहिलेले आहे, यात म्हणूनच वावगे काही नाही. भारताने हा करार २००७ साली मान्य केला. अमेरिकेने २००९ साली त्यावर सही केली, परंतु तेथील सेनेटने तो अद्याप मान्य केलेला नाही. सही करूनही करार अडून राहावा आणि नदीकाठची सवलत मात्र चालत राहावी, हा मनुष्यस्वभावाचाच एक विरोधाभास म्हणायचा.

आता मूळ प्रश्न. ही सवलत दया आहे की न्याय? संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाचे दोन प्रकार सांगितले आहेत. देवाणघेवाणीच्या न्यायात समान वस्तूला समान मोल असते. तांदूळ विकणारा गिऱ्हाइकाचे तोंड पाहून भाव ठरवीत नाही. परंतु समाजाचा सामाईक ठेवा जेव्हा वाटायचा असतो, तेव्हा प्रत्येकाची परिस्थिती पाहून प्रमाणशीर वाटणी करणे हाच न्याय होय. नदीतील मासे हा सामाईक ठेवा आहे, हे अमेरिकेतील कायदाच सांगतो. मग दोन माणसांना समान शुल्क लावले म्हणजे समान वागवले असे होत नाही. एकाला घरातून निघून काठावर पोचायला सायकल पुरते. दुसऱ्याला खास बनावटीचे वाहन लागते, सोबतीला माणूस लागतो, एका हाताने चालवता येईल असा गळ लागतो. परवान्याच्या ३० डॉलरांच्या कितीतरी आधी त्याचे शुल्क सुरू झालेले असते. त्याला २३ डॉलर सोडून दिले तर आपण त्याच्या ताटात काही वाढले, असे नव्हे. त्याच्या ताटातून आधीच जे गेले होते त्यातील थोडेसे परत केले.

अपंग मनुष्य श्रीमंत असेल तर काय, असाही सवाल येईल. रास्त आहे. म्हणूनच काही सवलती उत्पन्न पाहून दिल्या जातात. तरीही, अपंगत्वाचा भार श्रीमंतालाही पडतोच. फक्त त्याला तो पेलवतो. आणि कोणाला सवलत द्यावी हे शोधण्यासाठी प्रत्येकाच्या घराची झडती घेण्यापेक्षा, चार श्रीमंतांना ती चुकून मिळाली तरी चालेल, पण एका गरिबाला अपमान सोसावा लागू नये, असे एखाद्या समाजाने ठरवले तर ते शहाणपणाचेच म्हणावे लागेल.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर जो आदेश काढला, त्यात एक कठोर वाटणारा इशारा आहे. न्यायाने जे देणे लागते ते आधी चुकते करा. तेच प्रीतिदान म्हणून पुढे करू नका, असा त्याचा मथितार्थ. आपल्या ख्रिस्ती दानधर्माला हा इशारा नेहमीच झोंबतो. दया करणाऱ्याला आभार मिळतात, कर्ज फेडणाऱ्याला मिळत नाहीत. म्हणून आपल्याला कर्जे दयेच्या नावाने फेडायला आवडते. याचा अर्थ दया हीन आहे असा नाही. न्याय जेथे थकतो तेथून दया चालू लागते. काठावर सोबत बसणे, आमिष लावून देणे, मासा मिळाला नाही तरी पुढच्या रविवारी पुन्हा घेऊन जाणे, हे कोणत्याही कायद्याला करता येत नाही. तो प्रीतीचा प्रांत आहे. परंतु परवान्याची खिडकी हा न्यायाचा प्रांत आहे, आणि तेथे प्रीतीची भाषा बोलणे म्हणजे समोरच्याला याचक करणे होय.

टेक्सासच्या उदाहरणात आणखी एक कूट आहे. जायबंदी सैनिकाला शिकार आणि मासेमारीचा परवाना फुकट, अंध नागरिकाला मासेमारीचा सात डॉलरला. डोळे दोघांचेही गेलेले असू शकतात. फरक आहे तो कारणाचा. सैनिकाने देशासाठी गमावले, दुसऱ्याने आजारात किंवा आईच्या उदरात. राष्ट्राने सैनिकाविषयी कृतज्ञ असावे, यात शंका नाही. कृतज्ञता हा न्यायाशी जोडलेला सद्गुण आहे, असे संत थॉमस यांनीच सांगितले आहे. परंतु कृतज्ञतेचे देणे आणि अपंगत्वाचे देणे ही दोन वेगळी खाती आहेत. ती एकाच वहीत लिहिली की वीरोचित अपंगत्व आणि साधे अपंगत्व अशी प्रतवारी लागते, आणि जन्मांध मनुष्य रांगेत मागे जातो. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्यांनी जन्मांध माणसाकडे पाहून विचारले की हे कोणाच्या पापाचे फळ, याच्या की याच्या आईबापांच्या? प्रभूने तो प्रश्नच नाकारला. कारणाच्या शोधात त्यांचे माणसाकडे दुर्लक्ष झाले होते. आपणही पुष्कळदा तेच करतो. अपघातात पाय गेलेल्याला आपण विचारतो, दारू प्यायला होता काय? उत्तरावर आपली करुणा बेतते.

आता त्या मोजणीच्या बारकाव्याकडे येऊ. परवाना अगदी फुकट असावा की थोडे तरी शुल्क असावे? हिशेबनिसाच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. थोडे शुल्क घेतले तर धारक मोजला जातो आणि राज्याचा वाटा वाढतो. परंतु या रुक्ष नियमात मला एक नैतिक सत्य दिसते. सात डॉलर देणारा अंध मनुष्य त्या नदीचा आश्रित राहत नाही, तो तिचा राखणदार होतो. माशांची पिल्ले सोडण्यात, काठ जपण्यात त्याचाही पैसा असतो. मंदिरातील दानपेटीसमोर बसून प्रभू येशू पाहत होता, तेव्हा एका गरीब विधवेने दोन टोल्या टाकल्या. बाई, तुला माफ आहे, असे म्हणून तिचा हात कोणी धरला असता तर त्यात दया दिसली असती. पण सर्वांपेक्षा अधिक देण्याचा जो मान प्रभूने तिला दिला, तो तिला मिळाला नसता. पुनरुत्थानानंतर तिबेरियाच्या किनाऱ्यावर प्रभूने शिष्यांसाठी निखाऱ्यांवर मासळी आणि भाकर आधीच तयार ठेवली होती. तरीही त्याने त्यांना त्यांच्या जाळ्यातील काही मासे आणायला सांगितले. ज्याच्याजवळ सर्व होते त्याने त्यांचा वाटा मागितला. माणसाला केवळ घेणारा म्हणून ठेवणे, हे त्याच्यावरील प्रीतीचे लक्षण नव्हे.

याचा अर्थ फुकट सवलत चुकीची, असा कोणी काढू नये. ज्याच्याजवळ सात डॉलरही नाहीत त्याला सातांची अट ही भिंतच होय. कॅलिफोर्नियाने बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी शुल्कच ठेवले नाही, यातही शहाणपण आहे. मुद्दा एवढाच की, सवलतीची कसोटी आपण किती सोडले यावर ठरत नाही. तो माणूस इतरांच्या मोजणीत आला की नाही, यावर ती ठरते. शुल्क घेऊन हे साधत असेल तर शुल्क घ्यावे, न घेता साधत असेल तर घेऊ नये. पण त्याला माफी देऊन विसरून जाऊ नये.

शिकारीचा प्रश्न अधिक अवघड आहे. ख्रिस्तसभेने शिकारीला सरसकट पाप म्हटलेले नाही. मात्र तिच्याकडे ती साशंकतेने पाहत आली आहे. १९१७ च्या धर्मसंहितेत धर्मगुरूंनी शिकारीच्या नादी लागू नये आणि गाजावाजा करणारी शिकार तर कधीच करू नये, असा स्पष्ट नियम होता. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग मान्य केला आहे, परंतु त्यांना विनाकारण यातना देणे किंवा त्यांचा जीव घेणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही सांगितले आहे. यातून एक गोष्ट निघते. हरिण मारणे कोणत्या परिस्थितीत योग्य, हा प्रश्न धडधाकट आणि अपंग यांच्यासाठी एकच आहे. जे एकाला अनुचित ते दुसऱ्याला सवलतीने उचित होत नाही. आणि जे एकाला उचित आहे ते दुसऱ्याला, बिचारा पांगळा, त्याला कशाला हे सारे, असे म्हणून नाकारता येत नाही.

या दृष्टीने तेथील नियमांतील एक रेघ मला फार अर्थपूर्ण वाटते. सवलत शुल्कात मिळते, साधनांत मिळते. पण सवलतीचा परवाना आहे म्हणून कोणाला सर्वसाधारणपणे अधिक मासे किंवा अधिक जनावरे मिळत नाहीत. किती पकडावे, किती लांबीचा मासा परत पाण्यात सोडावा, हंगाम कधी संपतो, हे सर्वांना सारखे. टेक्सासने २००७ साली कायद्याने अंध व्यक्तीला डोळस सोबत्याच्या साहाय्याने, प्रकाशकिरणाने नेम दाखवणारे उपकरण वापरून शिकार करण्यास परवानगी दिली. ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्या तरतुदीचा गाभा पाहा : सोबती हवाच, म्हणजे जबाबदारी सुटलेली नाही. वार अचूक असला पाहिजे, जनावर तडफडत राहता कामा नये, आजूबाजूच्या माणसांना इजा होता कामा नये. व्यक्तिशः मला गळ टाकून बसलेला अंध मनुष्य जितका समजतो तितका बंदूक धरलेला समजत नाही, पण तो प्रश्न माझ्या आवडीचा आहे, त्याच्या अपंगत्वाचा नाही. डोळस शिकारीही मला तितकाच अनाकलनीय आहे. अपंगाला माणूस मानायचे तर त्याला नीतिमान होण्याची अपेक्षाही लावली पाहिजे. सर्व गोष्टींत सूट देता येईल. सद्सद्विवेकात देता येत नाही, आणि ती न देणे हाच त्याचा सन्मान.

शेवटी वाटेचा प्रश्न उरतो. परवाना स्वस्त झाला, पण काठापर्यंत जायचे कसे? यरुशलेममध्ये बेथसदा तळ्याच्या पडवीत अडतीस वर्षे आजारी असलेला मनुष्य पडून होता. पाण्यासाठी त्याला कोणी शुल्क मागत नव्हते. पाणी हालले की त्याला उचलून आत सोडायला माणूस नव्हता, एवढीच त्याची तक्रार होती. फुकट पाणी आणि न पोचणारा मनुष्य, हे चित्र आजच्या पुष्कळ योजनांना लागू पडते. अमेरिकेने १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा केला आणि २०१० साली ठरवलेल्या बांधकामाच्या मानकांत मासेमारीच्या धक्क्यांचाही विचार केला. धक्क्याच्या कठड्यापैकी किमान २५ टक्के भागाची उंची ३४ इंचांपेक्षा अधिक असू नये, म्हणजे खुर्चीत बसलेल्याला कठड्यावरून गळ टाकता येईल. या चौतीस इंचांत जो विचार आहे, तो कधीकधी सगळ्या सवलतीत नसतो. कोणीतरी खुर्चीत बसून पाण्याकडे पाहिले असेल, तेव्हाच हा आकडा सुचला असणार. कफर्णहूमच्या त्या चौघांनी पक्षाघाती मित्राला आत नेण्यासाठी छप्पर उघडले. आजच्या स्थापत्यकारांनी कठडा उतरवला. भाव तोच.

आपल्या देशात शिकारीच्या परवान्याचा प्रश्न आता उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने देण्याची पद्धतच संपुष्टात आली. परंतु सवलतीचा प्रश्न आपल्या रोजच्या वाटेवर आहे. भारतीय रेल्वे दृष्टिहीनांना, तसेच सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अपंगांना दुसऱ्या वर्गाच्या व शयनयानाच्या भाड्यात ७५ टक्के सवलत देते आणि सोबत्यालाही ती मिळते. २०२० साली रेल्वेने अनेक सवलती थांबवल्या, तेव्हाही अपंगांची सवलत चालू राहिली. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यात संस्कृती व करमणूक यांसाठी स्वतंत्र कलम आहे. कायदा आहे. पण विरारच्या लोकलमध्ये अपंगांसाठी राखीव डब्यात धडधाकट माणसे चढतात, आणि त्यांपैकी काही रविवारी मिस्साबलिदानालाही येत असतील. चोरी केवळ पैशाची होत नाही. ज्याच्यासाठी जागा राखली त्याच्या जागी उभे राहणे हीही चोरीच होय, आणि पापनिवेदनात ती क्वचितच ऐकू येते.

आपल्या देवळांकडेही पाहिले पाहिजे. ‘दिव्यांग’ हा शब्द आपण उत्साहाने उचलला. शब्द चांगला आहे, पण शब्दाने पायरी उतरत नाही. किती देवळांत खुर्ची वेदीपर्यंत जाऊ शकते? वाचनपीठ किती उंच आहे? बहिऱ्या माणसाला प्रवचन कोण समजावून सांगते? धर्मग्रामाच्या सहलीची यादी करताना अपंगांची नावे आपण आधीच गाळतो, त्यांना त्रास नको म्हणून. तो त्रास त्यांचा की आपला, हे एकदा प्रामाणिकपणे विचारावे. दावीद राजाने योनाथानच्या दोन्ही पायांनी लंगड्या मुलाला, मफीबोशेथला, शोधून आणले. त्याच्या आजोबाची जमीन त्याला परत दिली आणि रोज आपल्या पंगतीला त्याची जागा ठेवली. जमीन त्याच्या हक्काची होती, पंगत प्रीतीची. दोन्ही दिल्या, आणि एकीच्या बदल्यात दुसरी दिली नाही.

बर्तीमय नावाच्या आंधळ्याने रस्त्याकडेला बसून हाक मारली तेव्हा प्रभूने त्याला जवळ बोलावून विचारले, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवे असणार, हे कोणालाही कळले असते. तरी प्रभूने विचारले. आपल्या धर्मग्रामांतील अपंग बंधुभगिनींना हाच प्रश्न या वर्षी घरोघरी जाऊन विचारता येईल. एखादा म्हणेल, मला रविवारी मिस्साला यायचे आहे. एखादी म्हणेल, मला गायनवृंदात गायचे आहे. आणि एखादा म्हणेल, लहानपणी बाबांबरोबर खाडीवर गळ टाकायला जायचो, एकदा तेथे जायचे आहे. तिन्ही उत्तरे सारख्याच गांभीर्याने लिहून घ्यावीत.